चार मीटर आर्ट सिल्क

कापड आणायला मी एकटा गेलो, ही पहिली चूक. दुकानात शिरल्या शिरल्या "काहीतरी चांगलं दाखवा" म्हणालो, ही दुसरी. हे वाक्य ज्याच्या तोंडून निघतं त्याला कापडातलं ओ की ठो कळत नाही, हे दुकानदाराला लगेच समजतं. तो अदबीनं खुर्ची पुढे करतो आणि आपण बसतो. एकदा बसलेला माणूस कापड घेतल्याशिवाय उठत नाही.

कारण तसंच होतं. आमची ही महिनाअखेरीला रुग्णालयातून निवृत्त होणार होती. एकतीस वर्षं परिचारिका, त्यातली शेवटची नऊ शस्त्रक्रिया विभागाची प्रमुख. या एकतीस वर्षांत त्या इमारतीतल्या कुणीही तिला पांढऱ्या गणवेशाशिवाय पाहिलं नव्हतं. निरोपाच्या कार्यक्रमाला आपण एखाद्या गडद रंगाचा, पायघोळ, सळसळता ड्रेस शिवून घालावा, असं ती चहा घेता घेता एकदा म्हणाली होती. ते मी ऐकलं. नवरे सहसा काही ऐकत नाहीत; पण जी एखादी गोष्ट ऐकतात तिचा सत्यानाश केल्याशिवाय राहत नाहीत.

मी स्वतः वर्षभरापूर्वी पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालो होतो. तिथे नोंदणी विभागात बसून मी अडतीस वर्षं लोकांचे अर्ज तपासले. त्यामुळे कुठलीही वस्तू घेताना मी वस्तूपेक्षा पावती बारकाईनं वाचतो. पावतीवर 'आर्ट सिल्क, मोरपंखी, चार मीटर' असं स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं. आर्ट म्हणजे कला आणि सिल्क म्हणजे रेशीम, एवढं मला कळतं. तेव्हा हे कलात्मक रेशीम असणार. साध्या रेशमापेक्षा एक पायरी वरचं.

हिला कापड आवडलं. तिनं ते खांद्यावरून सोडलं, आरशात पाहिलं, हातानं चुरगाळलं, परत झटकलं आणि "छान आहे हो" म्हणाली. मी म्हटलं, आर्ट सिल्क आहे. त्यावर ती किंचित हसली. ते हसू कौतुकाचं आहे असं मी समजलो. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी काही हसू ओळखता येत नाहीत ती नाहीतच.

गोष्ट इथेच संपायला हरकत नव्हती. पण दुसऱ्या दिवशी ही कामावर गेल्यावर मी ते कापड शेजारच्या ग्रंथपालबाईंना दाखवलं. त्यांनी काही ते दाखवा म्हटलं नव्हतं. त्या आपल्या दारातलं वर्तमानपत्र उचलायला वाकल्या होत्या, आणि मी चार मीटर कापड हातावर घेऊन जिन्यात योगायोगानं उभा होतो. बाईंनी चष्मा लावला, कापडाचा कोपरा दोन बोटांत धरला आणि म्हणाल्या की त्यांना यातलं फार कळत नाही, पण खरं रेशीम अंगठीतून आरपार जातं असं त्यांनी वाचलेलं आहे. ग्रंथपालांचं हे असं असतं. त्यांना कळत काही नाही, पण वाचलेलं सगळं असतं.

शस्त्रक्रिया विभागात अंगठी चालत नाही, म्हणून हिची अंगठी कामाच्या दिवशी कपाटावरच्या बशीत असते. मी कापडाचं टोक पिळून तिच्यात घातलं. पहिलं पाऊण मीटर इतकं सुरेख गेलं की मी बाईंना दारातूनच हाक मारली. त्या येईपर्यंत अंगठी अडकली. पुढे जाईना, मागे येईना. बाई म्हणाल्या, जोर लावू नका. मी जोर लावला. मग बोटात अडकलेली अंगठी जशी काढतात तशी काढावी, असा विचार करून स्वयंपाकघरातलं तेल लावलं. अंगठी निघाली. कापडावर तळहाताएवढा डाग उरला.

आता मला खऱ्या-खोट्याचा छडा लावायचाच होता. कापड अस्सल असेल तर दोष माझा, आणि नकली असेल तर दुकानदाराचा. तेव्हा ते नकली निघालं तर बरं, असं मला एव्हाना वाटू लागलं होतं. बाईंनी वरच्या मजल्यावरच्या रसायनकाकांना बोलावलं. हे काका कुठल्याशा धाग्यांच्या कारखान्यात आयुष्यभर रसायनं सांभाळत होते, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. नाव कुणाला आठवत नसल्यामुळे सगळे त्यांना रसायनकाका म्हणत. माणूस मितभाषी. जिन्यात भेटले तर मान हलवत, तीही एकदाच.

काकांनी कापड हातात घेतलं आणि त्यांचा चेहरा उजळला. तेव्हा माझ्या ते लक्षात आलं नाही. त्यांनी काठाची बोटभर पट्टी कापून मागितली, चिमट्यात धरली आणि गॅसवर नेली. पट्टी भर्रकन पेटली, जुनं वर्तमानपत्र जाळल्यासारखा वास आला आणि चिमूटभर करडी राख खाली पडली. मग त्यांनी बाईंच्या रेशमी रुमालाचा एक दोरा घेतला. तो कुरकुरत, नाखुशीनं जळला आणि केस जळल्याचा वास सुटला. रेशीम किड्याच्या अंगातून येतं, केसाचं नातलगच ते, असं काका म्हणाले. तिसरा धागा त्यांनी माझ्या सदऱ्याच्या टोकाचा काढला. हा सदरा मी सहा वर्षं 'शंभर टक्के सुती' म्हणून चारचौघांत मिरवत होतो. धागा जळलाच नाही. वितळला आणि त्याचा काळा, टणक मणी झाला. पॉलिएस्टर, काका म्हणाले, खनिज तेलापासून करतात. बाईंनी माझ्या सदऱ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी हाताची घडी घातली.

"आणि आमचं कापड?" मी विचारलं.

"रेयॉन," काका म्हणाले. "आर्ट म्हणजे आर्टिफिशियल. लाकडापासून करतात. हे फार चांगल्या प्रतीचं आहे."

त्यांचं शेवटचं वाक्य मी ऐकलंच नाही. मी रागानं लाल झालो होतो. मी म्हटलं, म्हणजे नकली. म्हणजे त्या लबाडानं मला लाकूड विकलं. असला माल करणाऱ्यांना आणि विकणाऱ्यांना एकाच दोरीनं बांधून शिक्षा केली पाहिजे. काकांनी चिमटा ओट्यावर ठेवला, हात धुतले, पुसले आणि वर निघून गेले. मान त्यांनी एकदाही हलवली नाही.

मी तसाच दुकानात गेलो, तर दुकानदारानं पावतीकडे बोट दाखवलं. पावती त्याच्या बाजूनं होती. पावती दुसऱ्याच्या बाजूनं असण्याचा माझ्या आयुष्यातला हा पहिलाच प्रसंग. तो मला सोसला नाही आणि मी थेट ग्राहक तक्रार कार्यालयात गेलो.

अडतीस वर्षं मी खिडकीच्या आतल्या बाजूला होतो. बाहेरून खिडकी इतकी ठेंगणी असते याची मला कल्पना नव्हती. आतल्या माणसाशी बोलायचं तर कमरेत वाकावं लागतं, आणि वाकलेल्या माणसाला ताठ्यानं बोलता येत नाही. चार नंबरच्या खिडकीतल्या बाईंनी तीन प्रतींचा अर्ज दिला. तक्रारीच्या स्वरूपासाठी वजन, माप, दर्जा, फसवणूक आणि इतर असे पाच चौकोन होते. मी 'फसवणूक'वर खूण केली. तपशिलासाठी दोनच ओळी दिल्या होत्या. मी समासातही लिहिलं. बाईंनी समासातलं खोडायला लावलं. मीही लोकांना हेच करायला लावत असे, त्यामुळे हरकत घेता आली नाही.

मग नमुना. नियमाप्रमाणे एक मीटर कापड हवं, तेही मधलं. टोकाचं चालत नाही, कारण टोकं खराब असू शकतात. मी विचारलं, मधलं म्हणजे नक्की कुठलं? बाईंनी नियम परत वाचून दाखवला. त्यांच्या वाचण्यात इतका ठामपणा होता की मी घरी येऊन स्वयंपाकघरातल्या कात्रीनं दीड मीटरवर एक आणि अडीच मीटरवर एक, असे दोन काप घेतले. हातात दोन दीड-दीड मीटरचे तुकडे राहिले तेव्हा मला एखाद्या गोष्टीचा मध्य काढला की तिचं काय होतं ते कळलं. भूमितीत हे शिकवत नाहीत.

नमुना दिला. बाईंनी तो पाकिटात भरण्याआधी बोटांत धरून पाहिला, मग परत एकदा धरून पाहिला, आणि प्रयोगशाळेचा अहवाल यायला तीन आठवडे लागतील असं सांगितलं. निरोपाचा कार्यक्रम अठरा दिवसांवर होता.

निदान उरलेल्या तुकड्यांवरचा डाग तरी जावा म्हणून मी ते कढत पाण्यात भिजवले. साबण लावला, घासलं आणि पिळलं. कपडे कसे पिळायचे हे मला वडिलांनी शिकवलं आहे: एक टोक पायाखाली आणि दुसरं दोन्ही हातांत. मी पिळायला लागलो आणि एक तुकडा, कुणी कानात काही सांगावं तसा हळूच आवाज करून, टोकापासून वीतभर अंतरावर आडवा फाटला. दुसरा फाटला नाही, पण वाळल्यावर दोन्ही चांगले हातभर आखडले आणि त्यांच्यावर म्हाताऱ्याच्या कपाळावर नसतील इतक्या सुरकुत्या पडल्या. डाग मात्र होता तिथेच होता.

ही संध्याकाळी घरी आली तेव्हा मी खुर्चीत बसलो होतो आणि तुकडे टेबलावर होते. मी तिला सगळं सांगितलं. अंगठी, तेल, गॅस, सदरा, चार नंबरची खिडकी, कढत पाणी. शस्त्रक्रिया विभागात काम केलेल्या बाईसमोर काही लपवण्यात अर्थ नसतो. ती आधी जखम बघते, मग माणूस. तिनं दोन्ही तुकडे उलटसुलट करून पाहिले.

"अहो, ते रेयॉन आहे हे मला हात लावताच कळलं होतं," ती म्हणाली.

मी विचारलं, मग बोलली का नाहीस.

"काय बोलायचं होतं? मला रेशीम नकोच होतं. एकतीस वर्षं ते जाड, कडक कापड अंगावर वागवलंय, धुवून धुवून पत्र्यासारखं झालेलं. मला काहीतरी गार, मऊ, अंगावरून पडणारं हवं होतं. तुम्ही नेमकं तेच आणलंत, म्हणून हसले मी."

मी उगाच टेबल पुसलं.

मग ती म्हणाली, "रसायनकाकांना काय म्हणालात ते परत सांगा." मी सांगितलं. तिनं डोळे मिटून घेतले. काकांची बायको शेवटची आजारी होती तेव्हा ती हिच्याच विभागात होती. काकांनी कुठल्या कारखान्यात आयुष्य घालवलं ते हिला ठाऊक होतं. ते रेयॉनच करत होते. तीस वर्षं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नाक मुठीत धरून वर गेलो. सोबत दोन्ही तुकडे होते. काकांनी दार उघडलं, पण आत या म्हणाले नाहीत. माझं चुकलं, मी म्हटलं. मला माहीत नव्हतं.

"मला एक सांगा," ते म्हणाले. "किड्यानं केलं तर अस्सल, आणि माणसानं केलं तर नकली. हे कसं काय?"

ते तुम्हीच सांगा, मी म्हटलं. बहुधा म्हणूनच त्यांनी मला आत घेतलं.

पुढचा दीड तास जिन्यातला तो एकाक्षरी माणूस बोलत होता. त्यांनी कपाटातून एक जाड पांढरा कागद काढला, टीपकागदासारखा. हा लाकडाचा लगदा, वाळवून थापलेला. हे तक्ते आधी कॉस्टिक सोड्यात भिजवायचे, दाबून निथळायचे, मग त्यांचा पावाच्या चुऱ्यासारखा चुरा करायचा. तो चुरा काही काळ नुसता ठेवून द्यायचा. काही करायचं नाही, फक्त थांबायचं. नव्या माणसाला तेच सगळ्यात अवघड जातं, काका म्हणाले. मी मान खाली घातली. नंतर त्यात एक द्रव मिसळायचा, त्यानं पांढरा चुरा नारिंगी होतो. पुन्हा सोड्यात विरघळवला की मधासारखा घट्ट, चिकट पाक तयार होतो. तो गाळायचा, मुरू द्यायचा, आणि मग शॉवरच्या तोटीसारख्या एका बारीक चकतीतून आम्लाच्या हौदात दाबायचा. चकतीची भोकं केसाहून बारीक. पाक आम्लात शिरला की शिरल्या जागी त्याचा धागा होतो. हे सांगताना काकांनी हवेत दोन बोटांनी धागा ओढला. तो मला खरोखर दिसला.

त्या द्रवाचा वास सडक्या मुळ्यासारखा, आणि अंगाला बाधणारा. सुरुवातीच्या वर्षांत दिवसभर डोकं दुखायचं. वाफ खेचून घेणारे पंखे पुष्कळ नंतर बसले. ते घरात शिरताना बायको सगळे कपडे दारातच काढायला लावायची. पण कारखान्यातून पहिलं कापड मिळालं ते त्यांनी तिलाच आणून दिलं होतं. त्या कापडाला वास नव्हता. एवढ्या घाणीतून निघालेल्या कापडाला वास कसा नाही, याचं तिला मरेपर्यंत नवल वाटायचं.

मग त्यांनी माझे तुकडे पाहिले. कुणाला जखमी करून आणल्यासारखे पाहिले. सुती कापड ओलं झालं की आणखी बळकट होतं, त्याला कसंही पिळा. पॉलिएस्टरला पाण्याचा पत्ताच लागत नाही, पण उन्हाळ्यात त्यात माणूस उकडून निघतो. रेयॉन सुतीसारखं घाम पितं आणि रेशमासारखं अंगावरून पडतं. एकच खोड: ओलं असताना त्याचं बळ निम्मं होतं. तेव्हा त्याला पिळायचं नाही. ओल्या बाळाला उचलावं तसं उचलायचं. काकांनी तुकडे पुन्हा गार पाण्यात बुडवले, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबले आणि अर्धवट ओले असतानाच उलट्या बाजूनं इस्त्री केली, हलक्या हातानं लांबीकडे ओढत. मी टोक धरून उभा होतो. दर वेळी मी थोडं जास्त ओढलं की ते "अंहं" म्हणत. सुरकुत्या गेल्या. आखडलेल्या कापडातलं अर्धंअधिक परत आलं.

शिंप्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं की हे कापड माझ्या ताब्यात पुन्हा येणार आहे का. नाही म्हटल्यावर तो कामाला लागला. एका तुकड्याचा पुढचा भाग, दुसऱ्याचा मागचा. पायघोळ जमणार नव्हतं, फाटक्या तुकड्यामुळे लांबी गुडघ्याच्या जरा खाली येऊन थांबली. रुंदीतून आखूड बाह्या निघाल्या. तेलाचा डाग त्यानं फाटलेल्या पट्टीचा खिसा शिवून झाकला.

कार्यक्रमाला काका आले. हिनं त्यांना स्वतः वर जाऊन बोलावलं होतं. रुग्णालयाच्या सभागृहात ही मोरपंखी ड्रेस घालून शिरली तेव्हा दारातल्या दोन डॉक्टरांनी आधी तिला ओळखलंच नाही, वाट अडवून बाहेर थांबायला सांगितलं. भाषणं झाली. मग सगळ्या परिचारिका तिच्याभोवती जमल्या आणि कापडाला हात लावून रेशीम आहे का विचारू लागल्या. मी दोन खुर्च्या सोडून बसलो होतो. माझे कान तापले.

"रेयॉन आहे," ही मोठ्यानं म्हणाली. "लाकडापासून करतात. कसं ते त्या काकांना विचारा, त्यांनी तीस वर्षं केलंय."

पंधरा-वीस परिचारिका काकांकडे वळल्या. काका उभे राहिले, खाली बसले, परत उभे राहिले. मग त्यांनी दोन बोटांनी हवेत धागा ओढायला सुरुवात केली. आम्ही निघालो तेव्हाही त्यांच्याभोवती सहा जणी होत्या, आणि एक शल्यचिकित्सक शरीरात विरघळणाऱ्या टाक्यांबद्दल काहीतरी विचारत होते.

राहिली तक्रार. पुढच्या आठवड्यात ती मागे घ्यायला मी परत चार नंबरच्या खिडकीशी जाऊन वाकलो. तक्रार मागे घेण्याचाही अर्ज असतो, त्याच्याही तीन प्रती. कारणासाठी तडजोड, तक्रारदाराचा मृत्यू आणि इतर असे चौकोन होते. मी 'इतर'वर खूण करून पुढे लिहिलं: 'कापड चांगलं आहे.' बाईंनी ते वाचलं आणि हे कारण नव्हे, हे मत झालं, असं सांगितलं. मी खोडून 'तक्रारदाराचे अज्ञान' लिहिलं. ते त्यांनी लगेच मान्य केलं. शिक्का मारला, आणि नमुना परत मिळणार नाही, तो दप्तरी जमा राहील असंही सांगितलं.

मी वळलो तेव्हा त्यांनी मला परत बोलावलं. मागच्या टेबलावरचा माणूस ऐकत नाही ना ते पाहून त्या खिडकीपाशी वाकल्या. आत असूनही कुणी वाकतं, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. ते कापड कुठल्या दुकानातलं, असं त्यांनी हळूच विचारलं. पुढच्या महिन्यात त्यांच्या बहिणीच्या घरी काही कार्य होतं.

मी दुकानाचा पत्ता सांगितला. त्यांनी माझ्याच अर्जाच्या समासात तो लिहून घेतला आणि विचारलं, "काय म्हणून मागायचं? आर्ट सिल्क?"

"रेयॉन म्हणा," मी म्हटलं. "आणि गार पाण्यात धुवा."